मारील त्यानं सांगायला जायचं

मेस्त्रीकाका गेल्याचं मला एका ग्रुपवर कळलं. 'आपले लाडके लेजंड मेस्त्रीकाका आता आपल्यात नाहीत', खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि तासाभरात कॅफेवाल्या हर्षलनं टाकलेलं पोस्टर: 'काकांना मानाचा मुजरा! येत्या शनिवारी महासंग्राम स्पेशल. सलग चार फाइट्स. कॉफी आमच्याकडून.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसानं एकेका लढाईपायी आम्हाला तीन तीन रविवार झोप लागू दिली नाही, त्याच्या नावानं सलग चार! मी ग्रुपवर काही लिहिलं नाही, हातही जोडले नाहीत. जे बोलायचं ते इथे बोलते. आणि आधीच सांगून ठेवते, यातला बराचसा राग फिरून माझ्यावरच येणार आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण मनातलं एक जग सांगत जातो. त्यातली गावं, राजे, राक्षस सगळे त्याचे. बाकीचे त्या जगातलं एकेक माणूस होतात, कुणी तलवारवाला, कुणी वैदू, कुणी भुरटा चोर. पहिला म्हणतो, पुढे पूल आहे, पुलावर पहारा आहे. आपण काय करणार ते आम्ही सांगतो, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. काका त्याला वीसतोंड्या म्हणायचे. गोष्ट चालवणाऱ्याला सगळीकडे 'मास्टर' म्हणतात, पण ते काकांना चालायचं नाही. "मास्टर शाळेत असतात," ते म्हणायचे. "मी टाइमकीपर."

आयुष्यभर ते तेच होते. मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात, कामगारांच्या हजेऱ्या आणि पाळ्या लावत त्यांनी नोकरी काढली. कारखाना बंद पडला, तिथे टॉवर उभे राहिले. मुलगा कॅनडाला जाताना माळ्यावर एक खोका सोडून गेला. त्यात या खेळाची जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. दुसऱ्या कुणी ती रद्दीवाल्याला दिली असती. काकांनी शेजारी डिक्शनरी ठेवून वर्षभर ती वाचली, आणि भडकले. "दोनशे पानं मारायचं कसं त्याची," मला पहिल्याच भेटीत त्यांनी सुनावलं, जणू ती पुस्तकं मीच लिहिली होती. "आणि मेला त्याच्या घरी पुढे काय झालं, त्याचं अर्धं पान नाय! असली कसली गो दुनिया?"

मग त्यांनी स्वतःची दुनिया केली. तिचं नाव सातखाडी. कारखाना बंद होताना फेकून दिलेले हजेरीपट त्यांनी घरी आणले होते. त्यांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून जोडून त्यांनी नकाशा काढला: खाड्या, मिठागरं, बंदरं, मधे एक काळा किल्ला. उलटून पाहिलं की पाळी एक, पाळी दोन, आणि कुठल्या कुठल्या माणसांच्या नावापुढे हजर-गैरहजरच्या खुणा. सैन्य म्हणून चिंचोके. सोसायटीच्या वाचनालयाबाहेर त्यांनी सुवाच्य अक्षरात नोटीस लावली: 'फाशांवर खेळायची गोष्ट. दर रविवारी चार वाजता. वयाची अट नाही. मारील त्याने सांगायला जावे.' शेवटच्या वाक्याचा अर्थ कुणालाच लागला नव्हता. मला वाटलं, असेल कोकणातली एखादी म्हण.

मी तेव्हा मुलुंडला आत्याकडे राहत होते. नोटिशीचा फोटो मी ऑफिसातल्या हर्षलला पाठवला, तो बोरिवलीहून यायला लागला. घाटकोपरचा जिग्नेश त्याच्या ओळखीचा, दातांचा डॉक्टर, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. आम्ही तिघं आणि काका, वाचनालयातल्याच एका टेबलावर, हा आमचा अड्डा. काकू मधूनच चहा आणून ठेवायच्या आणि काकांकडे बघून म्हणायच्या, "झालो काय ह्यांचो राजा मरान? गॅस बंद करूक जातंय."

पहिल्याच रविवारी पूल आला. पुलावर जकातीचे दोन पहारेकरी, आम्हाला सोडेनात. जिग्नेशनं वीसतोंड्या टाकला, वीस पडले, आणि त्याच्या योद्ध्यानं एका पहारेकऱ्याला सरळ खाडीत पाडलं. आम्ही ओरडलो, टाळ्या दिल्या. या खेळात मेलेल्याच्या अंगावरचं काढून घ्यायची रीत असते, जगभर असते, कुणाला त्यात काही वाटत नाही. जिग्नेशनं विचारलं, "काका, याच्याकडे काय मिळेल?" काका म्हणाले, "जोडे आहेत. नवे आहेत." त्यानं ते आपल्या योद्ध्याच्या पायात घातले.

काकांनी एक चिंचोका बाजूला ठेवला आणि नकाशावर पेन्सिलीनं एक छोटं घर काढलं. "हा पहारेकरी इथला. चल, सांगायला जा."

"म्हणजे?"

"तू मारलास ना? मग त्याच्या घरी तू सांगायचंस."

जिग्नेश हसत हसत म्हणाला, ठीक आहे, जातो, दार वाजवतो. आणि काका बदलले. खांदे आत ओढले, मान थोडी वाकडी केली, शर्टाचं टोक पदरासारखं बोटात धरलं. त्यांनी जिग्नेशच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. टेबलाखाली वाकून त्याच्या पायांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुज्या पायात माज्या झिलाचे जोडे कशे रे?"

जिग्नेशनं एकदा आमच्याकडे पाहिलं. तो खरोखरचे पाय खुर्चीखाली ओढून घेत होता. त्याच्या तोंडून कसंबसं "मावशी," एवढं निघालं, पुढे काही निघेना. आम्ही मदत करायला गेलो तर काकांनी तळहात दाखवून गप्प बसवलं. ती बाई विचारत राहिली. तो जेवला होता का? एकटाच होता का? खाडीत पडला तर पुरला कुठे? आणि जिग्नेश घामाघूम होऊन उत्तरं देत राहिला. उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगायचं, जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, आणि घरचं माणूस 'जा आता' म्हणेपर्यंत हलायचं नाही, हे नियम आम्हाला त्या दिवशी कळले. 'जा आता' यायला पाऊण तास लागला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. रविवारची दुपार, आठवडाभर साहेबाची बोलणी खाऊन तलवार चालवायला आलो होतो आम्ही. खाली उतरल्यावर मी म्हटलंसुद्धा, "यार, हा म्हातारा डोक्यावर पडलाय." पण पुढच्या रविवारी आम्ही तिघंही पावणेचारला हजर होतो.

काकांचं जग असं वाढलं. बाकीचे लोक आधी जग रचतात, त्याच्या वंशावळी लिहितात, देवांची नावं पाठ करायला लावतात, आणि मग मधे मधे मारामाऱ्या पेरतात. काकांचं उलटं होतं. जिथे मारामारी झाली तिथेच जग उगवायचं. पहारेकऱ्याच्या आईकडून आम्हाला मिठागराच्या ठेकेदाराचं नाव कळलं, ठेकेदाराच्या माणसाला मारलं तेव्हा त्याच्या भावाकडून काळ्या किल्ल्यात जायची वाट. चार वर्षांनी नकाशावर पेन्सिलीच्या घरांची दाटी झाली होती, आणि त्यातलं एकेक घर आमच्यापैकी कुणाला तरी पाठ होतं. आयतं वाचून पाठ झालेलं नव्हतं, तिथे उंबऱ्याबाहेर उभं राहून झालेलं होतं.

हर्षल कुरकुरायचा. त्याला लढाया हव्या असायच्या. काका त्याला म्हणायचे, "मारामारी म्हणजे फोडणी रे. नुसती फोडणी खातोस काय?"

"काका, फोडणीशिवाय तुमचं वरण पण कोण खात नाही," हर्षल म्हणायचा. यावर काका मनापासून हसायचे. ते बरोबर आहे, म्हणायचे.

आणि ते खरंच तसं मानायचे, हे लोकांना सांगूनही पटत नाही. काका म्हणजे अहिंसेचे पुजारी, असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय. कसले पुजारी! दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणपणा करायला लागलो होतो. सांगायला जावं लागू नये म्हणून शत्रूला बांधून ठेवायचं, लाच द्यायची, पळून जायचं. मी तर शेवटचा घाव नेहमी दुसऱ्यावर ढकलायची. मग एका रविवारी त्या ठेकेदाराची माणसं मिठागराची वस्ती पेटवायला निघाली. हातात तलवारी घेऊन आम्ही तासभर चर्चा करत बसलो, कुणी मारायचं, कुणी नाही. काका घड्याळ बघत होते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वस्ती जळली."

"अहो काका, आम्ही अजून ठरवतोय!"

"ठरवा. तोवर बारा माणसं गेली. लहान पोरं धरून." मग ते असे कडाडले की वाचनालयातले पेपर वाचणारे वळून पाहायला लागले. "निरोप सांगायचा कंटाळा म्हणून कोणाला सोडलात तर ती दया नाय, समजलात? ती आळस! मारायचा तेव्हा मारा. फक्त सांगायची तयारी ठेवून मारा." त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून बारा घरी सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी वाचनालय बंद झालं तेव्हा उरलेली घरं पुढच्या रविवारी. त्यानंतर ठेकेदारावर आम्ही तुटून पडलो. आजवर मी कितीतरी टेबलांवर खेळले, ढीगभर राक्षस मारले, पण फासा टाकण्याआधी समोरच्याचं घर कुठे असेल ते विचारलं, ते फक्त त्या लढाईत.

हा नियम आला कुठून, ते एकदाच कळलं, तेही काका चिडले होते म्हणून. हर्षल म्हणाला होता, "काका, खऱ्या आयुष्यात कोण असं जातं घरोघरी?"

"मी जायचो," काका म्हणाले.

कारखान्यात अपघात झाला की साहेब कागदावर सही करायचा आणि टाइम ऑफिसातल्या माणसाला पाठवायचा, कारण कामगारांचे पत्ते त्याच्याकडे असत. "भांडुपला गेलो, दिव्याला गेलो, एकदा माहुलला. सेफ्टीचा वॉल्व्ह बदलू नका म्हणणारा साहेब, आणि दारात उभा मी. एकदा, फक्त एकदा त्याला घेऊन जायचा होता माका." एवढं बोलून त्यांनी फासा हर्षलपुढे सरकवला. "टाक. तुझी पाळी."

आता ही गोष्ट ग्रुपवर सगळ्यांना माहीत झाली आहे. 'किती टचिंग', 'अंगावर काटा'. याचाही मला राग येतो. म्हणजे कारखान्यात माणसं मेली म्हणून काकांचा नियम चांगला, एरवी तो म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा? काका टाइमकीपर नसते, बँकेत कॅशियर असते, तरी तो नियम तेवढाच चांगला होता.

तर हर्षलचं कॅफे. नोकरी सोडून त्यानं अंधेरीला गेमिंग कॅफे काढलं, आणि काकांना तिथे आणायची कल्पना माझी. हो, माझी. चार माणसांपुरतं का ठेवायचं, मला वाटलं, लोकांना कळू दे. काका नाही म्हणत होते. मी काकूंना मधे घातलं. शेवटी ते दर शनिवारी दुपारी दोन बस बदलून इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले, पिशवीत नकाशा आणि चिंचोक्यांचा डबा घेऊन. लोक आले, रील्स झाली. पहिले दोन महिने झकास गेले.

मग तक्रारी. एका आयटीवाल्यानं एका फटक्यात तीन शिपाई मारले आणि काकांनी त्याला तीन घरी पाठवलं. तिसऱ्या घरी तो उठला आणि म्हणाला, मी इथे चिल करायला आलोय. हर्षलचा चेहरा पडला. त्यानं आणि मी बसून हिशोब केला: तीन तासांचा खेळ, पहिल्या वीस मिनिटांत एक लढाई, मग थोडं 'लोर', म्हणजे त्या जगाच्या जुन्या कथा, मग मोठी लढाई. सांगायला जाणं नको. पण आधी लोकांचं मत फॉर्मवर घ्यावं. ऑफिसात माझं कामच ते, लोकांना फॉर्म भरायला लावणं. तो फॉर्म मी बनवला. 'कोणता भाग कंटाळवाणा वाटला?' असा प्रश्न मीच घातला, आणि खाली चार पर्यायांत पहिला 'निरोप' ठेवला. लोकांनी काय निवडलं ते सांगायला नको. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात तशी अक्कल चालवली मी.

हर्षल म्हणाला, काकांना सांगावं लागेल की आता दुसरा पोरगा चालवेल, फास्ट आहे तो. तू सांग, तुझं ऐकतात.

मी एव्हाना अंधेरीला राहत होते. अंधेरीहून मुलुंड. रविवारी तर गाडीनं तासाभराचा रस्ता. त्या घरात मी शेकडो वेळा चहा प्यायले होते, मला बेल वाजवायचीही सवय नव्हती. आणि मी काय केलं? मेसेज टाकला. 'काका, फीडबॅकनुसार फॉरमॅटमध्ये थोडे बदल करतोय. पुढच्या शनिवारपासून तुम्ही आराम करा. गेल्या शनिवारी राहिलेला नकाशा इथेच असू दे, सगळ्यांना खूप आवडतो. लवकरच भेटू!' शेवटी एक हसरा चेहरा. दोन निळ्या टिक्स आल्या. उत्तर आलं नाही. मला हायसं वाटलं होतं, हे लिहिताना आता स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुढच्या शनिवारी काका आले.

कॅफे भरलेलं होतं. नवा पोरगा उभा राहून ओरडत होता, टेबलावर चिंचोके जाऊन प्लास्टिकचे सैनिक आले होते. सातखाडीचा नकाशा हर्षलनं प्लायवर गोंदानं चिकटवून भिंतीवर लावला होता. मागची हजेरी कायमची गेली. मी त्या टेबलावर खेळत होते. काचेच्या दाराबाहेर मला इस्त्रीचा शर्ट दिसला. हातात पिशवी नव्हती. दार ढकलून ते आत आले नाहीत.

मी उठून बाहेर गेले. "काका! अहो आत या ना. इतक्या लांब कशाला आलात? फोन करायचा."

"तुझा मेसेज वाचला," ते म्हणाले. "आता सांग."

"काय सांगू काका? मेसेजमध्ये लिहिलंय ना सगळं."

"लिहिलंयस. सांग."

ते रागावलेले नव्हते. तेच मला आजही सहन होत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. पण ते खांदे सरळ ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत उभे होते. त्यांनी अख्ख्या टेबलाला शिकवलं होतं तसं सगळं जागच्या जागी होतं, फक्त ज्यानं मारलं तो घरी गेला नव्हता, म्हणून घरच चालत आलं होतं. दोन बस बदलून. मला एवढंच म्हणायचं होतं, काका, तुम्हाला काढायचं मी ठरवलं. फॉर्म मी बनवला. चार शब्द. जिग्नेशनं दातखीळ बसलेली असतानाही बोलून दाखवले होते.

"बसा ना काका," मी म्हटलं. "कॉफी घ्या. हर्षलला बोलावते, तोच सांगेल नीट."

काका दाराबाहेर तसेच उभे राहिले. आत वीस पडले असावेत, टेबल एकदम ओरडलं, आणि कुणीतरी काचेवर टकटक करून मला हाक मारली, "केतकी, चल ना, तुझी पाळी!"

काकांनी आत पाहिलं. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं की टेबलाकडे, ते मला कळलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून मान हलवली, आणि त्या सगळ्या घरांतल्या आया, भाऊ, बायका ज्या आवाजात म्हणायच्या, त्याच आवाजात म्हणाले,

"जा आता."

आणि मी गेले. आत जाऊन फासा टाकला.